शर्यत एकाची, व्रत घराचे

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तिन्ही गोष्टी आपल्याकडील पुष्कळ मुलांना बाळपणीच साध्य होतात. मात्र त्या एकाच दिवशी, एकीमागून एक करावयाच्या म्हटल्या, की त्यांचे रूप पार पालटते. या त्रिविध शर्यतीस ट्रायथलॉन असे नाव आहे. तिच्या दीर्घ प्रकारात ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि अखेरीस ४२.२ किलोमीटर धावणे असा क्रम असून, हे सारे बहुधा १७ तासांच्या आत पुरे करावे लागते.

नुसत्या आकड्यांनी याची कल्पना येणार नाही. म्हणून लाखनीच्या वाचकांकरिता ते अंतर आम्ही त्यांच्या परिचयाच्या वाटेवर स्थूलमानाने मांडून दाखवितो. प्रथम तलावात सुमारे चार किलोमीटर पोहावे. मग सायकलीवर बसून भंडाऱ्यावरून नागपूर गाठावे व तसेच परतावे. आणि सायकल ठेवून लागलीच भंडाऱ्यापर्यंत धावत जाऊन पुन्हा लाखनीस धावत यावे.

या शर्यतीचा उगम हवाई बेटांतील ओआहू येथे १९७८ च्या फेब्रुवारीत झाला. १५ जण निघाले व १२ जण पोहोचले. गॉर्डन हॅलर याने सुमारे पावणेबारा तासांत पहिला क्रमांक मिळविला. दुसऱ्याच वर्षी लिन लेमेअर ही एकटी स्त्री पुरुषांच्या मेळ्यात उतरली आणि तेरा तासांच्या आत शर्यत पुरी करून एकंदरीत पाचवी आली. आपल्याकडील उदाहरण म्हणजे मिलिंद सोमण यांचे. त्यांनी २०१५ साली झुरिच येथे, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ही शर्यत १५ तास १९ मिनिटांत पार केली. २०१९ च्या ऑक्टोबरात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर निम्म्या अंतराची शर्यत भरली, तेव्हापासून मराठी गृहस्थांस परदेशी न जाताही या मार्गाची ओळख करून घेता येऊ लागली. नवशिक्याने याच निम्म्या अंतरापासून आरंभ करावा, हे उत्तम.

ही शर्यत पुरी करण्यास अचाट बळ लागते असा समज आहे. वस्तुतः तिचे खरे मर्म मिताचारात आहे. शरीरातील साठविलेली शर्करा जोराच्या श्रमांत दोन-तीन तासांतच सरत येते. म्हणून सायकलीवर असतानाच, भूक लागण्याची वाट न पाहता, थोडे थोडे खात राहावे लागते. केवळ साधे पाणी पोटभर पीत राहिल्यास रक्तातील सोडियमाचे प्रमाण घटून जिवावर बेतू शकते. यास्तव पाणी तहानेच्या मानाने घ्यावे व मिठाचा विसर पडू देऊ नये. सायकलीवरून उतरताच पाय शिशासारखे जड होतात. त्यांना सवय व्हावी म्हणून सायकल चालविल्यावर लगेच थोडे धावण्याचा अभ्यास ठेवावा लागतो. आरंभी जो वेग आवरतो, तोच शेवटास पोहोचतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी वैद्यकीय तपासणी केल्यावाचून या वाटेस जाऊ नये.

लाखनीच्या परिसरास या उद्योगाची सामग्री निसर्गाने व पूर्वजांनी दिली आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीच्या काळी कोहळी समाजाने बांधलेले तलाव आजही येथील भातशेतीस पाणी पुरवितात. मात्र तलावाचा तळ चिखलाचा व पाणवनस्पतींचा असल्याने एकट्याने पाण्यात उतरणे हा निव्वळ अविचार होय; तेथील पाण्याची नस जाणणारे ढिवर बंधू आणि एखादी नाव जवळ असावी. महामार्गावर मालमोटारींची वर्दळ फार. सबब सायकलीचा सराव आडवाटांनी, पहाटे उजाडल्यावर करावा. वैशाखात तर सूर्य वर चढण्यापूर्वी घरी परतलेले बरे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला, ती सांगतो. या तयारीस कित्येक महिने, आठवड्याकाठी दहा-बारा तास तरी द्यावे लागतात. हे तास आकाशातून पडत नाहीत. ते घरातूनच निघतात. मुलगा पहाटे सायकल घेऊन निघाला, की कोणीतरी आधी उठून त्याच्या खाण्याची तजवीज करते, कोणी त्याच्या मुलांस शाळेत पोहोचविते, वडील मंडळी त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. म्हणून असा संकल्प सोडण्यापूर्वी सर्व घराची संमती घ्यावी, आणि घेतलेल्या वेळेची फेड दुसऱ्या कामाने करावी.

याच्याही पुढची कसोटी आहे. उद्या घरच्या सूनबाईंनी, ‘मलाही पहाटेचे दोन तास हवेत,’ असे म्हटले, तर आपण काय उत्तर देणार? मुलाला दिलेली सवलत तिला नाकारली, तर घराने व्रत घेतले नाही, केवळ एकाचा हट्ट पुरविला, असेच म्हणावे लागेल. चूल एक दिवस पुरुषांनी सांभाळली, तर कुळाचाराला बाध येत नाही.

विजेता एकच असतो. शर्यत पुरी करणारे अनेक असू शकतात. आमच्या मते ज्या घरातील एकाने ती पुरी केली, त्या घरातील प्रत्येकाने आपल्या वाट्याचे अंतर चालून दाखविलेले असते.