दर इंचाला एक क्वार्ट

मागच्या वर्षी आमचं ख्रिसमसचं झाड नाताळ उजाडण्याआधीच वाळलं. घरात माळा-बिळा लावून आम्ही दोन दिवस बाहेरगावी गेलो. न्यू जर्सीत, एडिसनला घरी परत आलो तर बुंध्याखालचं भांडं ठणठणीत कोरडं होतं. घाईघाईने पाणी ओतलं, पण दुसऱ्या दिवशीही ते तेवढंच. झाड पाणी पीतच नव्हतं. फांदीला हात लागला की सुईसारखी पानं सरसरून खाली यायची. लेकीने विचारलं, "आई, आपण पाणी घातलं ना, मग?" मला काही सांगता आलं नाही.

ते राहून गेलेलं उत्तर शोधायला यंदा डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी झाडांच्या आवारात गेले. झाड निवडायला दहा मिनिटं लागली. मी तिथे थांबले मात्र दोन तास, ते बुंधे कापणाऱ्या माणसामुळे.

पन्नाशीचा, मूळचा मेक्सिकोचा. उन्हाळाभर नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत हीच झाडं छाटायची आणि थंडीत ती विकायला इकडे यायचं, असं त्याचं वर्ष. झाडं फ्रेझर फरची. दक्षिण ॲपलेशियन डोंगरांच्या उंच माथ्यांवरची ही जात. नाव पडलं जॉन फ्रेझर या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञावरून. चिकाने त्याची बोटं पेरापेरापर्यंत काळी झाली होती. "साबणाने जात नाही, सिन्योरा. तेल लावायचं," तो म्हणाला.

येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी एकच विचारायचा, "घर किती लांब?" मग चेनसॉने बुंध्याची इंचभर जाडीची चकती उतरवायचा. झाड शेतावर तोडलं की कापलेल्या जागी चीक सुटतो, लाकडात हवा शिरते आणि पाण्याची वाट बंद होते. ताज्या कापाने ती पुन्हा उघडते, पण तीही काही तासच. तेवढ्यात झाड पाण्यात उभं राहायला हवं. भांडं आटून काप उघडा पडला, की वाट पुन्हा बंद. आमचं नेमकं हेच झालं होतं. ओतलेलं पाणी बंद दाराशी उभं होतं.

कापतानाचा वास अजून नाकात आहे. संत्र्याची साल सोलल्यासारखा, पण त्याहून थंड, खोल. दर झाडामागे तो नव्याने यायचा आणि मी दर वेळी एक पाऊल पुढे सरकायचे.

आमची आई फुलदाणीतल्या निशिगंधाचे देठ रोज सकाळी तिरपे कापायची, म्हणून मी विचारलं, तिरका काप दिला तर? त्याने मान हलवली. सरळच हवा. तिरक्या कापावर झाड नीट उभं राहत नाही आणि वरची कड पाण्याबाहेर लवकर येते. एका गिऱ्हाइकाला बुंधा कडेने तासून हवा होता, स्टँडमध्ये बसत नव्हता म्हणून. याने साफ नकार दिला. पाणी चढतं ते सालीखालच्या बाहेरच्या वलयांतून. तीच तासली तर झाड पिणार कुठून? "मोठं स्टँड घ्या," एवढंच म्हणाला. साखर, ॲस्पिरिन यांबद्दलही कुणीतरी विचारलं. "पाणी. साधं पाणी."

मग त्याने आमच्या बुंध्यावर टेप धरली. "चार इंच. दर इंचाला एक क्वार्ट. रोज." क्वार्ट म्हणजे लिटरला थोडं कमी. चार इंच, चार क्वार्ट. निघताना चकती माझ्या हातात दिली आणि चार बोटं वर करून दाखवली.

गाडीत बसल्या बसल्या मी वलयं मोजली. अकरा भरली. पहिली चार-पाच वर्षं रोपवाटिकेत, पुढची सात-आठ डोंगरउतारावर, आणि दर उन्हाळ्यात कुणीतरी लांब पात्याचा सुरा घेऊन झाडाभोवती फिरलेलं, तेव्हा कुठे हा आकार येतो. ती काळी बोटं आठवली आणि गेल्या वर्षी आपण काय घालवलं ते पहिल्यांदा नीट कळलं.

घरी झाड आधी पाण्यात उभं केलं. दिवे, सजावट सगळं नंतर. जवळची हीटिंगची जाळी बंद केली. या गरम कोरड्या हवेत पानांतलं पाणी भराभर उडतं, आणि वाळलेल्या झाडाचं भय निराळंच. इथल्या निस्ट या सरकारी संस्थेने जाळून दाखवलेलं कोरडं झाड मिनिटाच्या आत सगळं पेटलं होतं. पाणी प्यायलेलं झाड सहजासहजी पेट घेत नाही.

संध्याकाळी मापून चार क्वार्ट घातलं. पहाटे उठून टॉर्च मारला तर पाणी कापाच्या जेमतेम दोन बोटं वर उरलेलं. रात्रभरात एवढं प्यायलं! मी त्या अंधारात जमिनीवर पालथी पडून परत भांडं भरलं. त्या दिवशी चारवर आणखी दोन क्वार्ट लागलं. आठवड्याभराने तहान निम्म्यावर आली.

आज अठरावा दिवस. फांदी मुठीतून ओढली तर तळहातावर दोन सुया आल्या. एक वाकवली, ती कट्‌कन मोडली. फर ताजा असल्याची ही खूण त्यानेच दाखवली होती. चकती खिडकीत ठेवलीय, नखाने खरवडली की अजून वास येतो. पाण्याचं काम आता लेकीने घेतलंय. शाळेला जाण्याआधी ती फांद्यांखाली शिरते, भांड्यात बोट बुडवते आणि आतूनच ओरडते, "आई, दीड क्वार्ट!"