आधी पुढचा टायर

मागचा टायर नवा घातला, पुढचा ‘अजून चालेल’ म्हटलं. माझा हा डॉक्टरेटवाला हिशेब चिरंजीवांच्या मनगटावर बेतला.

ओटावाच्या पूर्वेचं लारोझचं जंगल १९२८पासून उडत्या वाळूवर लावलेलं. मातीच्या वाटेवर मागचं चाक घसरलं तर गाडी बहुधा सावरते. पुढचं घसरलं की माणूस खाली. मागचे ठोकळे भराभर झिजतात, म्हणून तेच दिसतात. पुढच्यांच्या फक्त कडा गोल होतात. बोट फिरवल्याशिवाय कळत नाही.

वाळू-चिखलाला उंच, विरळ ठोकळे, म्हणजे मधला चिखल झटकला जातो. कॅलाबोगीकडच्या खडकांवर बुटके, दाट, मऊ रबराचे. हवा जरा जास्त, नाहीतर दगड आणि रिममध्ये ट्यूब चिमटते. दोन्हीकडे जाणाऱ्यांनी मधल्या जातीचे घ्यावेत. आम्ही तेच घेतले, या खेपेला जोडीने.