फाइल संगणकात आहे, मग सापडत का नाही?

जळगावचे आपले सरकार सेवा केंद्र असो, धुळ्यातले वकिलाचे ऑफिस असो की लग्नपत्रिका करणारे डीटीपीचे दुकान, एक वाक्य सगळीकडे ऐकू येते: "फाइल इथेच सेव्ह केली होती." समोर रावेरचा शेतकरी केळीच्या पीकविम्याचा कागद हवा म्हणून ताटकळत असतो आणि ऑपरेटर एकामागून एक फोल्डर उघडत असतो. यावर फुकटात मिळणारा चांगला इलाज आहे. 'एव्हरीथिंग' हे फाइल शोधणारे सॉफ्टवेअर 'फ्लो लाँचर'सारख्या कीबोर्डवर चालणाऱ्या लाँचरला जोडायचे. मग ऑल्ट आणि स्पेस दाबा, नावातली चार अक्षरे टाइप करा, एंटर मारा, फाइल उघडते. माउसला हात लावावा लागत नाही. पण या जोडीबद्दलचे गैरसमज इतके आहेत की बरेच जण ती आठवडाभर वापरून काढून टाकतात.

पहिला गैरसमज, लाँचर टाकला की तोच सगळे शोधतो. वस्तुस्थिती अशी की लाँचरला स्वतःला माहीत असतात ती मुख्यतः बसवलेली सॉफ्टवेअर. फाइल हवी असेल तर तो दुसऱ्या कोणाला तरी विचारतो. फ्लो लाँचर मुळात विंडोजच्या स्वतःच्या सूचीला विचारतो आणि ती सूची, आपण काही बदलले नसेल तर, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स अशा ठरावीक जागांपुरतीच असते. आपल्याकडे कामाचे सगळे डी ड्राइव्हवर ठेवतात. विंडोज बिघडले आणि फॉरमॅट मारावे लागले तर सी जातो, डी वाचतो, हा त्यामागचा हिशेब. तो शहाणपणाचाच आहे, पण त्यामुळेच अर्ध्याहून जास्त काम लाँचरच्या नजरेआड राहते. म्हणून एव्हरीथिंग जोडायचे. फ्लो लाँचरच्या सेटिंगमध्ये प्लगइन, त्यात एक्सप्लोरर, आणि तिथे इंडेक्स शोधण्याचे साधन म्हणून एव्हरीथिंग निवडायचे. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एव्हरीथिंग मागे सतत चालू हवे. आणि त्याची पूर्ण आवृत्ती हवी, कारण 'लाइट' आवृत्तीत दुसऱ्या सॉफ्टवेअरशी बोलण्याची सोयच काढून टाकलेली आहे. "जोडले पण चालत नाही" अशी तक्रार आली तर आधी या दोन गोष्टी तपासाव्यात. मायक्रोसॉफ्टने 2020 मध्ये आणलेला 'पॉवरटॉइज रन' हा लाँचरही ऑल्ट-स्पेसवरच उघडतो. दोन्ही बसवले असतील तर एकाची की बदला.

दुसरी भीती जुन्या संगणकाची: सगळी डिस्क चाळत बसेल आणि मशीन हँग होईल. एव्हरीथिंग डिस्क चाळत नाहीच. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फाइलच्या नावाची नोंद एका मुख्य तक्त्यात असते, जशी गावातल्या प्रत्येक गटाची नोंद तलाठ्याच्या दप्तरात असते. एव्हरीथिंग तो तक्ता एकदा वाचते आणि पुढे फक्त झालेले फेरफार टिपते. ते बनवणाऱ्या डेव्हिड कार्पेंटर यांच्या 'व्हॉइडटूल्स'ने दिलेला आकडा असा: नव्याने बसवलेल्या विंडोजमधल्या सुमारे 1 लाख 20 हजार फाइलींना साधारण 1 सेकंद, 10 लाख फाइलींना साधारण 1 मिनिट. 10 लाखांसाठी मेमरी लागते ती सुमारे 75 एमबी. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट32 किंवा एक्सफॅट पद्धतीचा असतो, त्यात हा तक्ता नसतो. त्यावरचे फोल्डर सेटिंगमध्ये जाऊन स्वतः जोडावे लागतात.

आता ज्याने सर्वांत जास्त निराशा होते तो समज: नावच नव्हे, आतला मजकूरही सापडेल. नाही. एव्हरीथिंगचा वेग नावांपुरता आहे. मजकुरात शोधण्याची आज्ञा त्यात आहे, पण तेव्हा ते एकेक फाइल उघडून वाचते आणि वेळ लागतो. शिवाय श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेल्या पत्रिकेत पडद्यावर 'चि. सौ. कां.' दिसत असले तरी संगणकाने साठवलेली असतात ती वेगळीच चिन्हे. युनिकोडमध्ये टाइप करून ती कधीच जुळणार नाहीत. स्कॅन केलेल्या कागदात तर अक्षरेच नसतात, नुसते चित्र असते. जुन्या मोडी कागदांवर काम करणाऱ्या अभ्यासकाने कॅमेऱ्याने दिलेल्या क्रमांकाच्याच नावाने हजार फोटो ठेवले तर जगातला कोणताही लाँचर त्याच्या कामाचा नाही. साल, गाव आणि कागदाचा प्रकार नावात आला की तेच हजार फोटो हाताशी येतात. फोल्डरच्या नावाचेही असेच. फाइल 'रावेर' फोल्डरमध्ये आहे, पण तिच्या स्वतःच्या नावात रावेर नाही, तर 'रावेर केळी' असे शोधून ती येत नाही. त्यासाठी पूर्ण मार्गात शोधण्याचा पर्याय चालू करावा लागतो.

आणि ज्याने मराठीचे नुकसान होते तो समज: फाइलचे नाव इंग्रजीतच द्यावे, मराठी नाव सापडत नाही. हे साफ चूक आहे. विंडोज फाइलींची नावे युनिकोडमध्ये ठेवते, एव्हरीथिंग ती जशीच्या तशी शोधते. मग मराठी नाव कधी कधी हुलकावणी का देते? कारण आपण एकच शब्द अनेक प्रकारे लिहितो आणि हे साधन गूगलसारखे अंदाज बांधत नाही, अक्षरे जुळवते. 'शेतकऱ्यांची यादी' हे नाव घ्या. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून 'जे' दाबला की त्या अर्ध्या ऱ्यासाठी युनिकोडमधला 0931 क्रमांकाचा स्वतंत्र 'ऱ' येतो. दुसऱ्या एखाद्या कीबोर्डवर साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह अशी तीन चिन्हे येतात. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, आत वेगळे. वकिलांच्या नावाआधीच्या 'ॲड.'चेही तसेच. अ आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हे जोडूनही तो लिहितात, आणि 2008 मध्ये युनिकोड 5.1 मध्ये आलेला एकसंध 'ॲ' वापरूनही.

गावांच्या नावांत तर विचारूच नका. खान्देश की खानदेश, अमळनेर की अंमळनेर, शिंदखेडा की सिंदखेडा, जळगाव की जुन्या वळणाचे जळगांव. इंग्रजी अक्षरांत लिहून हा गुंता सुटत नाही, वाढतो. जळगावमध्ये 'ए' आधी की 'ओ' आधी यावर दहा जणांत एकमत होत नाही, आणि ब्रिटिशकाळच्या कागदांत धुळ्याचे 'धुलिया' असते. सातबाऱ्याचे तर नावच अडते, कारण विंडोजला फाइलच्या नावात तिरपी रेघ चालत नाही. मग कोणी सातबारा लिहितो, कोणी 7-12, कोणी ७-१२.

उपाय सोपा आहे. शब्दातला वादाचा भाग टाळून उरलेला तुकडा टाइप करा. 'शेतक' लिहिले की दोन्ही प्रकारचे शेतकरी येतात. 'मळनेर', 'खेडा', 'जळग', 'खान' एवढ्यावर काम भागते. दोन तुकड्यांमध्ये जागा सोडली की दोन्ही असलेलीच नावे येतात, म्हणून 'मळनेर यादी' चालते. एव्हरीथिंगच्या खिडकीत पर्यायी शब्दांच्या मध्ये उभी रेघ दिली तर सातबारा, 7-12 आणि ७-१२ तिन्ही एकदम येतात. ही रेघ इंग्रजी कीबोर्डवर जाऊन टाकावी लागते, इन्स्क्रिप्टवर त्या जागी ऑ आहे.

राहिला गुप्ततेचा प्रश्न. आपल्या फाइली इंटरनेटवर जातील ही भीती निराधार आहे. सूची आपल्याच डिस्कवर राहते, आणि ती दुसऱ्या संगणकांना दाखवण्याची सोय आपण चालू केल्याशिवाय चालू होत नाही. काळजी घ्यायची ती वेगळीच. एकाच संगणकावर दोन-तीन जणांची खाती असतील तर एव्हरीथिंगमध्ये दुसऱ्याच्या फाइलींचीही नावे दिसू शकतात. फाइल उघडत नाही, पण पक्षकाराचे नाव आणि दाव्याचा प्रकार नावातच असेल तर तेवढेही पुरेसे आहे. असे फोल्डर सेटिंगमध्ये जाऊन सूचीतून वगळा.

ज्या ऑफिसात चार जण एकाच डी ड्राइव्हवर काम करतात त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. गावांची आणि कागदांची नावे कशी लिहायची हे एकदा बसून ठरवा, त्याचा एक कागद संगणकाशेजारी चिकटवा, आणि नावे खुशाल मराठीत द्या.