तीन भाषांच्या घरात इंग्रजीची उजळणी

इंग्रजीच्या उजळणीत मुलांच्या चुका कुठून येतात हे आधी पाहिले, तर निम्मे काम होते. भिलाईतल्या मराठी घरांत हे फार स्पष्ट दिसते. इथल्या पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार १९५५ मध्ये झाला, तेव्हा भिलाईचा दुर्ग जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. मराठीचा शेजार इथे जुनाच. आज मूल घरी मराठी, गल्लीत हिंदी बोलते आणि वहीत इंग्रजी लिहिते.

व्याकरणात पहिली अडचण ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांची. मराठीत आणि हिंदीत अशी उपपदे नाहीत, म्हणून मुले ती गाळतात. ‘ॲन अवर’ आणि ‘अ युनिव्हर्सिटी’ मोठ्याने म्हणायला लावावे. उपपद अक्षरावर नव्हे, उच्चारावर ठरते, हे कानाला लगेच कळते. दुसरी अडचण काळाची. ‘मला समजतंय’ हे मराठीत बरोबर आहे, पण त्यावरून केलेले ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ चूक ठरते. तिथे ‘आय अंडरस्टँड’ हवे.

विरामचिन्हे मराठीने इंग्रजीकडूनच घेतली. एकोणिसाव्या शतकात मेजर टॉमस कँडी यांनी ती रूढ केली. त्यामुळे मराठी वाक्याच्या शेवटी टिंब येते, हिंदीत मात्र उभा दंड. एक फरक आवर्जून दाखवावा: मराठीत ‘तो म्हणाला, की’ असा स्वल्पविराम देतात, इंग्रजीत ‘दॅट’आधी तो देत नाहीत.

शब्दसंग्रह वाढवताना सुटे शब्द पाठ करून भागत नाही, जोडीचे क्रियापद लागते. आपण परीक्षा देतो, हिंदीतही देतात. इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो.

उपमा-रूपकांना मराठी अलंकारांची ओळख पुरते. म्हणींबाबत मात्र जपून राहावे लागते. इंग्रजी म्हण लोखंड गरम आहे तोवर घाव घालायला सांगते. पोलादाच्या गावातल्या मुलाला ते चित्र सहज दिसते. मराठीत तापल्या तव्यावर पोळी भाजून घेतात. संधी साधणे दोन्हीकडे आहे, पण पोळी भाजून घेण्यात स्वार्थाचा वास येतो, इंग्रजी म्हणीत तो नाही. नुसता अर्थ सांगून पुढे जाऊ नये. मुलाकडून तिथल्या तिथे एक वाक्य करून घ्यावे.