गाडी उलटी फिरायची, तो बोरघाट

रेल्वेने गणपतीपुळ्याला निघालेला मुंबईकर उक्षीनंतर साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात शिरतो आणि डोंगर कधी ओलांडला हे कळायच्या आत भोक्याच्या बाजूला बाहेर पडतो. 1998 मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेला असा डोंगर पोखरणं साधलं. 1856 मध्ये बोरघाटाला हात घालणाऱ्या जीआयपी रेल्वेला ते साधणारं नव्हतं. हा फरक विसरला, की खंडाळ्याजवळचं पडीक रिव्हर्सिंग स्टेशन म्हणजे इंजिनियरांची फसलेली तडजोड वाटू लागते. प्रत्यक्षात त्या काळात त्याहून शहाणं उत्तर नव्हतं.

मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांना पंधरा-सोळा मैलांत सुमारे 1,830 फूट चढायचं होतं. काही ठिकाणी 37 फुटांमागे 1 फूट हा चढ टळला नाही, आणि सोंडेवर गाडी वळवायला जागाच नव्हती. म्हणून गाडी टोकापर्यंत न्यायची, इंजिन सोडवून दुसऱ्या बाजूला जोडायचं आणि उलट दिशेने पुढचा चढ धरायचा. मग दोराने का नाही ओढली? ती युक्ती तेव्हाही ठाऊक होती. सप्तशृंगगडावर 2018 पासून भाविक तशाच गाडीने चढतात. पण भाविकांचे डबे चढवणं निराळं आणि दख्खनचा कापूस नि फौज रोज वाहणं निराळं. दोरावर प्रत्येक गाडी तुकड्यांनी चढवावी लागली असती. घाटाच्या या कामाची किंमत मात्र जबर होती. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये आले आणि काही आठवड्यांतच वारले. ठेका त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी पुरा करवून घेतला. पटकीने गेलेल्या मजुरांची आठवण त्या मानाने कमीच निघते.

उत्तर एवढं चांगलं होतं, तर टाकून का दिलं? 1863 पासून 66 वर्षं ते चाललं. इंजिनाच्या अदलाबदलीत वेळ जाई, हे खरंच. पण 1929 मध्ये विजेच्या गाड्यांसाठी नवा मार्ग झाला, तेव्हाच त्याची गरज सरली. आज हे स्टेशन लोकांना दाखवावं म्हटलं, तर चालू रुळांजवळच्या अवशेषांकडे लोकांना बोलावणं धोक्याचं, हा आक्षेप रास्त आहे. तिथे पर्यटनस्थळ नकोच. मध्य रेल्वेने या बांधकामाची नीट मोजणी करावी आणि नकाशासह माहितीफलक लोणावळा स्थानकात लावावा.