परसातली पात : उपटू नका, कापा



बारा-चौदा महिने उसाच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा आपला बागाईतदार आठवडी बाजारात मात्र पातीची जुडी रोख पैसे मोजून घेतो. विहिरीला पाणी आहे, परसात जागा आहे, तरी पिशवीत मेथी, सांबार, पात सगळे विकतचे! उसाचे पैसे हप्त्याहप्त्याने येतात. भाजीचा खर्च दर आठवड्याला ठरलेला. तो बहुधा घरच्या लक्ष्मीच्या हातखर्चातून जातो, म्हणून आपल्या वहीत दिसत नाही इतकेच.

विलायतेत घराच्या मागे ‘चाइव्ज’ नावाची कांद्याच्या कुळातली बारीक पात लावतात. एकदा लावली की वर्षानुवर्षे त्याच जागी फुटते. लागेल तेवढी कात्रीने कापायची, मुळाला हात लावायचा नाही. ती थंड हवेतली. हिमालयात रानातही उगवते. खामगावकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथे तिचा निभाव लागणे कठीण. हौस असेल त्याने हिवाळ्यात कुंडीत लावून पाहावी. तिची कापायची रीत मात्र आपण जरूर उचलावी. आपण पात मुळासकट उपटतो. चार जुड्या झाल्या की वाफा रिकामा. तीच कापली तर लसूण पुन्हा फुटतो.

दिवाळीच्या सुमारास लसणाच्या ठसठशीत पाकळ्या निवडाव्यात. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि पाकळी कुजते, म्हणून वीतभर उंचीचा गादीवाफा करावा. त्यात चांगले कुजलेले शेणखत किंवा कारखान्याचे प्रेसमड मिसळावे. ताजे प्रेसमड टाकू नका, ते तापते आणि कोवळी मुळे जळतात. पाकळी टोक वर करून, बोटाच्या पेराएवढी खोल, चार-चार बोटांवर टोचावी. वर पाचटाचा बारीक कुट्टा पातळसा पसरला की ओल टिकते. मोड आलेले बारके कांदेही असेच लावता येतात.

महिना-सव्वा महिन्यात पात वीतभर होते. जमिनीपासून दोन बोटे ठेवून कापावी. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा कापायला येते. अशा दोन-तीन कापण्या सहज मिळतात. पण एक आहे गड्यांनो, पात कापली की खाली गड्डा पोसत नाही. गड्ड्यासाठी वेगळा वाफा ठेवावा.

पातीवर पांढुरके चट्टे पडून ती वाकडी होऊ लागली, तर फुलकिडे समजावेत. पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून फवारावी. एवढ्याने भागते.

आता खरी काळजीची गोष्ट. उसाला तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून परसात आणू नका. अ‍ॅट्राझिनने कांदा-लसूण पिवळा पडतो, टू-फोर-डीचा वारा लागला तरी भेंडी-वांग्याची पाने आकसतात. झाड मेले तर निदान कळते तरी. पण जे दिसत नाही ते ताटात येते, आणि ही पात तर पोरंसोरं कच्चीच खातात. परसाचा पंप वेगळाच हवा. बांधालगतच्या उसात फवारणी करायची असेल तर परसाकडे वारा नसताना, सकाळी करावी. मोरीचे साबणाचे पाणीही या वाफ्याला नको. ते केळीला किंवा कर्दळीला सोडावे.

कोवळी पात बेसनात घालून केलेला झुणका आणि ज्वारीची गरम भाकरी, याचे कौतुक आम्ही काय सांगावे! चिरलेली पात उतरवायच्या आधी घालावी, फार शिजली की वास जातो. फेब्रुवारीनंतर ऊन चढले की पात जाड, राठ होते. तेव्हा कापणे थांबवावे. गड्ड्याच्या वाफ्यातला लसूण माना पडल्यावर काढून, पातीसकट वेणी घालून, सावलीत टांगावा. त्यातल्या दोन वेण्या पुढच्या दिवाळीच्या बियाण्याला बाजूला ठेवाव्यात.