बाळ अंग का धरत नाही?

‘बाळ अंग धरत नाही’ असं घरात कुणी म्हटलं, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: आईला दूध पुरत नसणार. संध्याकाळपर्यंत पावडरचा डबा घरात येतो. बाळाचं वजन आजवर कसकसं वाढलं आणि ते दूध पितं कसं, हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं.

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन घटतंच, सात ते दहा टक्क्यांपर्यंत. साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघतं आणि पुढचे तीन महिने रोज सरासरी २५ ते ३० ग्रॅमची भर पडते. त्यामुळे काट्यावरच्या एकाच आकड्यावरून फारसं काही कळत नाही. डेव्हिड मॉर्ले या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५०च्या दशकाअखेरीस नायजेरियातल्या इमेसी गावात वाढीचा तक्ता आईच्याच हाती दिला, तो याचसाठी. महिन्यामहिन्याचे ठिपके जोडून होणारी रेघ वर चढतेय ना, एवढंच त्यात पाहायचं. लहानखुरं बाळ आपल्या रेघेनं चढत असेल, तर सहसा घाबरायचं कारण नसतं. गुटगुटीत बाळाची रेघ आडवी पडली, तर मात्र वेळ घालवू नये. अंगणवाडीतला तक्ता याच कुळातला.

या तक्त्यांचं मापच बरीच वर्षं सदोष होतं. जगभर वापरलं जाणारं जुनं माप अमेरिकेतल्या ओहायोमधल्या, मुख्यतः बाटलीवर वाढलेल्या बाळांचं होतं. अंगावर पिणारी बाळं सुरुवातीला झपाट्यानं वाढतात, मग थोडी संथ होतात. त्या मापावर ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून मागे पडल्यासारखी दिसत. कित्येक निरोगी बाळांना त्यापायी वरचं दूध सुरू झालं असेल! अखेर जागतिक आरोग्य संघटनेनं दिल्ली, अक्रा, ऑस्लो, मस्कत, ब्राझीलमधलं पेलोटास आणि कॅलिफोर्नियातलं डेव्हिस इथल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची मापं घेतली आणि २००६ साली नवे तक्ते दिले. पुरेसं पोषण मिळालं, तर या सहाही ठिकाणची लहान मुलं जवळपास सारखीच उंच होतात, हे त्यातून दिसलं. ‘आपली मुलं बारीकच असतात’ ही समजूत सोडायला एवढा पुरावा पुरे.

रेघ खरोखरच आडवी पडली असेल, तर आधी बाळाला पिताना नीट पाहावं. त्याच्या तोंडात नुसतं बोंड आहे की भोवतालचा काळसर भागही? तोंड मोठं उघडून, हनुवटी स्तनाला टेकवून बाळ प्यायलं, तर बोंड टाळूच्या मऊ भागाजवळ पोचतं. जबडा आणि जीभ खाली जाताच तिथे पोकळी तयार होते आणि दूध ओढलं जातं. नुसतं बोंड चोखलं, तर आईला भेगा पडतात आणि बाळ तासभर लागूनही भुकेलंच राहतं. शिवाय स्तनात दूध साठून राहिलं, की शरीर ते बनवणंच कमी करतं. मग ‘दूध पुरत नाही’ हे खरं होऊन बसतं. बाळाला नीट धरायला शिकवणारं कुणी पहिल्या आठवड्यातच भेटलं, तर हे पुष्कळदा टळतं. प्रसूतीनंतरच्या तपासणीत याला औषधाइतकंच महत्त्व मिळायला हवं.

काही बाळांची अडचण मात्र वेगळी असते. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गर्भारपणाच्या ३४व्या आठवड्याच्या सुमारास जमतो. त्याआधी जन्मलेल्यांना बहुधा आईचंच दूध नळीनं किंवा वाटी-चमच्यानं द्यावं लागतं. पिताना दमणारं, कपाळावर घाम येणारं, चार घोट घेऊन थांबणारं बाळ आळशी नसतं. त्याचं हृदय तपासायला हवं.

सहा महिने पूर्ण झाले, की दुधासोबत खाणं सुरू होतं आणि अनेक बाळांची रेघ इथे पुन्हा अडखळते. बाळाच्या पोटात किलोमागे जेमतेम ३० मिलिलिटर मावतं, म्हणजे आठ किलोच्या बाळाच्या पोटात पाव लिटरहून कमी. ते वरणाच्या पाण्यानं किंवा पातळ पेजेनं भरलं, तर पोट तुडुंब आणि ऊर्जा नाममात्र. तेवढ्याच जागेत घट्ट कालवलेला वरणभात कितीतरी जास्त देतो. वर चहाचा चमचाभर तूप किंवा तेल घातलं, की आणखी ४५ कॅलरीच्या आसपास.